चांदणीचा वस्तरा

वस्तऱ्याला धार लावताना कोन धरावा लागत नाही. विळा, खुरपं, पटाशी, चाकू या सगळ्यांना तो धरावा लागतो. हात जरा वर गेला की धार जाड होते, जरा खाली आला की पातळ. वस्तरा मात्र दगडावर आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतील असा. पाठ किती जाड आणि पातं किती रुंद, यावरच कोन ठरतो. तो साधारण सोळा-सतरा अंशांचा असतो आणि वस्तरा घडवणाऱ्याने तो आधीच ठरवून ठेवलेला असतो. घासता घासता धार झिजते तशी पाठही झिजते, म्हणून पन्नास वर्षांनीही कोन फारसा हलत नाही. माझी सगळी नोकरी भोसरीच्या टूलरूममध्ये गेली. जिग, फिक्श्चर, गेज यांतच उठबस. पण आपणच हत्यार आणि आपणच त्याला योग्य कोनात धरणारा जिग, अशी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही. आण्णांना हे मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणून तर म्हंतो, तू काय करू नगंस. निस्तं आडवं यिऊ नगंस."

आण्णा म्हणजे माझे वडील. कराडात त्यांचं दुकान होतं. दोन खुर्च्या, मान टेकायला लाकडी उशी, समोरासमोर दोन आरसे, फळीवर संत सेना महाराजांची तसबीर आणि तिच्याखाली रेडिओ. श्रावण वद्य द्वादशीला, म्हणजे महाराजांच्या पुण्यतिथीला, तसबिरीला मोठा हार चढायचा आणि त्या दिवशी दुकान बंद असायचं. एरवी सुट्टी सोमवारी. सोमवार हा आमच्या घरी धारेचा वार.

वस्तरे चार होते. दोन साधे, बाजारात मिळायचे तसले. उरलेले दोन नावाजलेले. एकाच्या मानेवर, जिथे पातं संपून दांडीची खीळ येते तिथे, चांदणी आणि तिच्याशेजारी क्रूस कोरलेला. ती शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या कंपनीची निशाणी. दुसऱ्यावर हातात हात घातल्यासारखी दोन माणसं. तो झोलिंगेनचा, जर्मनीतल्या हेंकेल्स घराण्याचा; जुळ्यांची ही खूण त्यांनी १७३१ साली नोंदवली. आण्णांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. त्यांच्या लेखी हा 'चांदणीचा' आणि तो 'जोडीचा'. चांदणीचा आजोबांनी कधी काळी विकत घेतलेला. जोडीचा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून परतलेल्या, मराठा पलटणीतल्या एका गिऱ्हाइकाने आजोबांना दिलेला. सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे यात कुणाला नवल वाटायचं नाही. दोघांची जात वेगळी होती. शेफिल्डचं जुनं पातं भरीव, वजनदार; दाट राठ दाढीतून ते मुकाट्याने जायचं. जर्मन पातं दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं, धारेकडे इतकं पातळ की नखाने दाबलं तर लवायचं. ते गालावर चाललं की बारीक आवाज करायचं, केस तुटतानाचा. हा आवाज गिऱ्हाइकांना आवडायचा. आण्णांना चांदणीचा आवडायचा. "बोलतंय त्ये कशाला पायजेल," म्हणायचे.

त्यांनी मला धंदा शिकवला नाही, मुद्दामच. मी पॉलिटेक्निकला गेलो तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. दुकानात मी बसलेला त्यांना खपायचा नाही. गिऱ्हाइकासमोर "जा, अभ्यास कर" म्हणून हाकलायचे. पण सोमवारी दुपारी, फळ्या लावून घेतल्यावर, तेच मला हाक मारायचे. "धार शीक. धंदा शिकू नगंस." यातला भेद त्यांना स्पष्ट दिसत असावा. मला तो पुष्कळ उशिरा दिसला.

सुरुवात दगडाने नाही, पट्ट्याने. खुर्चीच्या हाताला एक रुंद चामडी पट्टा खिळ्याने ठोकलेला होता. त्याचं मोकळं टोक डाव्या हाताने ताणून धरायचं आणि उजव्या हाताने वस्तरा परजायचा. दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर मागे राहते. पट्ट्यावर पाठ पुढे, धार तिच्यामागून फरपटत. टोकाला पोचलं की वस्तरा उलटायचा तो पाठीवर, दांडी बोटांत गोल फिरवून. मनगट वळवायचं नाही. चुकून धारेवर उलटला तर एकाच फटक्यात पट्टा कापला जातो आणि धारही जाते. आजोबांच्या वेळचा पट्टा आत खुंटीला होता. त्याच्या मध्यावर नखाच्या आकाराची एक चीर होती. ती आण्णांनी लहानपणी पाडलेली. तो पट्टा त्यांनी टाकला नव्हता, आणि मला तो आधी दाखवला होता.

मला पहिले बरेच सोमवार त्यांनी बोथट वस्तरा दिला. "हात बसूदे, मग धार." पट्टा सैल धरला की तो पात्याच्या पुढे वर येतो आणि धार गोल करतो, फार ताणला तर हात दाबला जातो. दाब हा सगळ्यात मोठा शत्रू. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. कारखान्यात शिकाऊ पोरांना मी हेच वर्षानुवर्षं सांगत आलो, की हत्याराला काम करू द्या, तुम्ही रेटू नका. पोरं मान डोलवायची आणि रेटायची. मीही तेच करत होतो. आण्णा काही बोलायचे नाहीत. माझ्या मनगटाखाली स्वतःचा तळहात धरायचे, म्हणजे मी दाबलं की ते त्यांना लागायचं.

मग दगड. आमच्याकडे दोन पथऱ्या होत्या. एक करडी, जरा भरड. तिचं काम धारेला पडलेले दाते काढायचं. दुसरी काळसर हिरवी, हात फिरवला तर काचेइतकी गुळगुळीत, पण पाणी टाकून घासलं की दुधाळ गाळ सुटायचा. परदेशात या कामासाठी बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळा दगड नावाजलेला आहे. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात, तेच पोलाद घासतात. आमची हिरवी पथरी कुठली, हे आजोबांबरोबरच गेलं. ती मधोमध झिजून खोलगट झाली होती. माझ्या डोळ्यांना ते सहन होईना. कारखान्यात पृष्ठभाग एका रेषेत नसला तर आम्ही तो फेकून देतो. मी म्हटलं, काचेवर एमरी पसरून तासाभरात सपाट करून आणतो. आण्णांनी विचार केला आणि नाही म्हणाले. कारणही दिलं: या खोलगटीवर चारही वस्तरे बसलेले आहेत. पथरी सपाट केली तर चौघांची धार नव्याने पहिल्यापासून बसवावी लागेल, आणि तेवढं पोलाद विनाकारण जाईल. मी गप्प बसलो, कारण हिशेब बरोबर होता.

धार बसली हे कसं ओळखायचं? पुस्तकांत लोंबत्या केसाची परीक्षा सांगतात. केस धारेवर नुसता टेकला की तुटला पाहिजे. आण्णांची परीक्षा पाण्याची होती. दगडावर पाण्याचा पातळ थर असतो. वस्तरा पुढे सरकतो तेव्हा धार बोथट असेल तर ती पाणी पुढे ढकलते, पाण्याची बारीक वळी तयार होते. धार लागली की ती पाण्याच्या खालून शिरते आणि पाणी पात्यावर चढतं. टोकापासून टाचेपर्यंत, सगळ्या लांबीभर एकसारखं चढलं पाहिजे. कुठे एका ठिकाणी पाणी अजून पुढे पळत असेल तर तेवढाच भाग राहिलाय. मी भिंगाखाली पाहून ही गोष्ट ताडून घेतली आहे. ती खरी आहे. त्यावेळी मात्र मला चाळीसच्या बल्बखाली काही दिसायचं नाही. आण्णा दिव्याकडे पाठ करून बसायचे आणि दारातून येणाऱ्या उजेडात तिरकं बघायचे. "बघ, चढलं." मला वळीही दिसायची नाही आणि चढलेलं पाणीही. एका सोमवारी अचानक दिसलं, आणि त्यानंतर कधी न दिसायचं झालं नाही. पोहणं येतं तसं.

पात्याची लांबी दगडाच्या रुंदीपेक्षा जास्त असते, म्हणून सरळ पुढे ढकलून चालत नाही. टाचेकडून सुरुवात करून पुढे जाता जाता बाजूला ओढत टोकावर संपवायचं. परतताना दुसऱ्या अंगाने तसंच. जितके हात एका बाजूला, तितकेच दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी शेवटी दाब कमी करत न्यायचा, इतका की वस्तरा दगडावर तरंगतोय असं वाटावं. आण्णा हे करताना सेना महाराजांचं नाव पुटपुटायचे की हात मोजायचे, ते मला कधीच कळलं नाही.

स्वतःच्या गालावर वस्तरा लावला तो पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी. आण्णा समोरच्या खुर्चीत बसले आणि मी आरशात नव्हे, त्यांच्याकडे बघत दाढी केली, म्हणजे ते जिथे बोट ठेवतील तिथे माझा हात जाईल. आधी गरम पाणी. त्यांचं ठाम मत होतं की दाढी साबणाने होत नाही, पाण्याने होते. साबण फक्त ते पाणी केसाला धरून ठेवतो. त्यात शास्त्र आहे, भिजलेला केस फुगतो आणि मऊ पडतो. मग डाव्या हाताने कानाजवळची कातडी वर ओढायची, वस्तऱ्याची पाठ कातडीपासून इतकीच उचलायची की तिच्याच जाडीच्या दोन पाठी मधे मावतील, आणि छोटे छोटे हात घ्यायचे, केसांच्या ओघाने. हा सुलटा हात. मग पुन्हा साबण आणि उलटा हात, ओघाच्या विरुद्ध. तो ज्याला जमला त्याला दाढी घोटता आली. कंठमण्यावर आवंढा गिळून थांबायचं, किंवा कातडी चिमटीत धरून बाजूला ओढायची, म्हणजे उंचवटा सपाटीवर येतो. हनुवटीखाली माझे केस एका जागी गोल फिरतात, हे मला त्या दिवशी कळलं. आण्णांना ते आधीपासून माहीत होतं. मला मिसरूड फुटल्यापासून ते नुसते बघत आले होते.

आता ज्याबद्दल आमच्या घरात फार बोलत नसत, तेही सांगतो. वस्तरा म्हणजे नुसती दाढी नव्हे. आजोबा बलुत्याचं काम करत, खांद्याला धोकटी, तिच्यात वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, वाटी, तुरटी. वर्षाला खळ्यावर धान्य मिळायचं. बारशापासून दहाव्यापर्यंत गावाला न्हावी लागायचा, आणि पंगतीला मात्र तो शेवटी. एका वाड्यात एक बाई लहान वयात विधवा झालेली. तिचं डोकं दर पंधरवड्याला करायला आजोबांना मागच्या दाराने जावं लागे. आजी सांगायची, त्या दिवशी ते घरी येऊन जेवायचे नाहीत, आणि त्या कामाचा वस्तरा ते धोकटीत इतरांबरोबर ठेवायचे नाहीत. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी संप केला होता: विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. लोखंडे सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. ज्या काळात शिकलेली माणसं या प्रथेवर सभांमधून वाद घालत होती, त्या काळात वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत हवी. आजोबांना तिची खबर होती की नव्हती कोण जाणे. त्यांच्यापर्यंत मुंबई पोचायला वेळ लागला. विधवेच्या त्या कामाचा वस्तरा या चारांतलाच एक आहे. कुठला, ते आण्णांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

वस्तऱ्याचा काळ उलटला तो मात्र संपाने नाही, पातीने. किंग जिलेट नावाच्या अमेरिकी विक्रेत्याने फेकून द्यायच्या पातीचा रेझर काढला. १९०३ साली त्याचे ५१ रेझर आणि १६८ पात्या खपल्या. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. आमच्याकडे ही लाट सावकाश आली. आधी नोकरदार माणसं घरी दाढी करू लागली, आणि आण्णांकडे रोजच्याऐवजी आठवड्याला येऊ लागली. दुकानातला वस्तरा मात्र टिकून होता. तो उतरला नव्वदच्या दशकात. १९८६ साली चेन्नईत एचआयव्हीची लागण झालेले देशातले पहिले लोक सापडले होते आणि काही वर्षांत भिंतीभिंतींवर सूचना आल्या: न्हाव्याकडे नवीन ब्लेडचा आग्रह धरा. गिऱ्हाइकं आत येऊन आधी वस्तऱ्याकडे बघू लागली.

यावर हळहळणारे पुष्कळ लेख मी वाचलेत. मला ते पटत नाहीत. एकाच धारेने पन्नास दाढ्या घोटायच्या आणि मधे डेटॉलच्या पाण्यात बुडवायचं, एवढ्याने भागत नव्हतं. कावीळ ब चा विषाणू तर रक्ताच्या दिसेल न दिसेल अशा थेंबातूनही पसरतो. आण्णांनी एका दिवसात निर्णय घेतला. अर्ध्या पातीचा वस्तरा आणला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वेष्टणासकट पाती मधोमध मोडायची, कट् असा आवाज व्हायचा, अर्धी खोबणीत घालायची, काम झालं की फेकायची. वस्तरे पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून तसबिरीमागे ठेवले. सोमवारी ते खाली यायचे. दुकानात काही उपयोग नसताना, दर सोमवारी चारही पट्ट्यावरून फिरायचे आणि परत वर जायचे.

एवढं सगळं शिकूनही एक गोष्ट मला शिकवली गेली नाही, किंवा ती शिकवण्यासारखी नव्हती. ती म्हणजे चेहरे.

ती मला कळली ती त्यांच्या आजारपणात. कंपवाताने उजवा हात आधी गेला. दुकान बंद केलं. मी शनिवारी पुण्याहून एसटी धरून कराडला यायचो आणि रविवारी सकाळी त्यांची दाढी करायचो, चांदणीच्या वस्तऱ्याने. तो त्यांनीच सांगितला. दाढा गेल्यामुळे गाल आत ओढले गेले होते. अशा म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला न्हावी गाल फुगवायला सांगतो. पण या आजारात चेहऱ्याचे स्नायूच आखडतात, त्यांना ते जमेना. मग मी डाव्या हाताचं बोट त्यांच्या तोंडात घालून गाल आतून बाहेर काढायचो आणि त्या उंचवट्यावर वस्तरा चालवायचो. बोटाला हिरडी लागायची, लाळ मनगटावर यायची. बाहेरून धार, आतून माझं बोट, मधे कागदाएवढी कातडी. हात कापायचा तो त्यांचा, आणि मान हलायची तीही थोडी थोडी, तेव्हा वस्तरा हलणाऱ्या मानेबरोबर हलवावा लागायचा, तिच्याविरुद्ध नव्हे. हे कुठल्या सोमवारी शिकवलेलं नव्हतं. एकदाही रक्त आलं नाही. त्याचं श्रेय धारेचं. चांगली धार कापत नाही, जबरदस्ती केलेली बोथट धार कापते.

दाढी चालू असताना ते बोलायचे. आवाज खोल गेलेला, कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागे. बोलायचे ते चेहऱ्यांबद्दल. पेठेतल्या वकीलसाहेबांच्या हनुवटीखाली उजवीकडे भोवरा आहे, तिथे उलटा हात घ्यायचाच नाही, आडवा घ्यायचा, नाहीतर पुरळ उठतं. गुळाच्या अडत्याच्या डाव्या गालावर चामखीळ, साबणात दिसत नाही, आधी बोटाने चाचपायची. एक मास्तर होते, त्यांची कातडी इतकी हळवी की फक्त सुलट्या हाताने करायची आणि पैसे देताना ते दर वेळी "आज घोटली नाहीस" म्हणायचे. घोटायची नाही आणि ऐकून घ्यायचं. कुणाच्या ओठाच्या कोपऱ्यात बैलाच्या शिंगाची जुनी खूण, तिथे केस उगवत नाहीत पण वस्तरा अडकतो. नावं त्यांना आठवत नव्हती. शेवटी शेवटी तर नातवाचं नावही आठवेना. पण चेहरे एकामागून एक यायचे, कपाळापासून गळ्यापर्यंत, ओघासकट, भोवऱ्यासकट. सबंध पेठ त्यांच्या हातात होती, आणि तो हात आता चहाचा कप धरू शकत नव्हता.

मी ते लिहून ठेवायला हवं होतं असं पुढे काहींनी म्हटलं. लिहून काय करणार? त्या चेहऱ्यांपैकी एकही माझ्यासमोर बसणार नव्हता. आण्णाही ते मला शिकवत नव्हते. दुकान बंद करताना माणूस खण आवरतो, ते चाललं होतं.

ते गेले त्या सकाळी दाढी वाढलेली होती, मधल्या वारी गेल्यामुळे. चुलतभाऊ म्हणाला, करूया का. मी पाणी गरम केलं. आखडलेला चेहरा सैल झाला होता, गाल बोटाशिवाय ताणता आला. यापुढचं लिहीत नाही.

दहाव्याला आम्ही प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात. नदीकाठच्या दगडांवर भावकीतला एकजण धोकटी घेऊन बसला होता. न्हाव्याच्या घरचं दहावं असलं तरी क्षौर दुसऱ्या न्हाव्यानेच करायचं, आपला हात आपल्या डोक्यावर चालत नाही. धोकटी आता प्लास्टिकची पिशवी, आत अर्ध्या पातीचा वस्तरा. कट् झालं. "मिशी?" त्याने विचारलं. "काढ," मी म्हटलं. त्याचा हात चांगला होता. तो आण्णांकडेच शिकलेला होता.

काकस्पर्शाची वाट बघत सगळे पारावर बसले होते. पेठेतली जुनी गिऱ्हाइकं आली होती, काठ्या टेकत, नातवांचा हात धरून. मी त्यांच्यातल्या फारच थोड्यांना ओळखत होतो. मला तर आण्णांनी दुकानातून हाकलून दिलेलं. पण एक उंच वृद्ध गृहस्थ समोर आले, हात जोडले, आणि मान वर करून कावळ्याकडे बघू लागले, तेव्हा त्यांच्या हनुवटीखाली, उजवीकडे, रुपयाएवढं लाल पुरळ दिसलं. कुणीतरी तिथे उलटा हात घेत होतं. मी त्यांना जन्मात भेटलो नव्हतो. मी म्हटलं, "वकीलसाहेब, नमस्कार." ते चपापले. "तू मला ओळखतोस?" "आण्णा सांगायचे," एवढंच म्हणता आलं. तिथे आडवा हात घ्यायला सांगा, हे जिभेवर आलेलं मागे घेतलं. दहाव्याला बोलायची ती गोष्ट नव्हे. नंतर बोलायला हवी होती, पण पुढच्या पावसाळ्यात तेही गेले.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तसबीर धाकट्या भावाकडे आहे. चारही वस्तरे आणि खोलगट पथरी माझ्याकडे आहे, आणि पथरी मी सपाट केलेली नाही. दाढी मी वस्तऱ्यानेच करतो, फक्त माझी. मुलाने एकदा विचारलं, माझी करून द्याल का. दिली, त्याच्याच नावाने राखून ठेवलेल्या जोडीच्या वस्तऱ्याने. त्याच्या हनुवटीखाली भोवरा नाही, केस सरळ खाली येतात. आता मला दोन चेहरे येतात. आण्णांना किती येत असतील याचा अंदाज करवत नाही.

जाता जाता एक विनंती. पुष्कळ घरांत जुन्या ट्रंकेत, नाहीतर देवघराच्या फळीवर, असा एखादा वस्तरा पडलेला असतो. पणजोबांचा किंवा मामांच्या मामांचा. तो भंगारात घालू नका. बाहेर काढा, मानेवर कुठली खूण आहे बघा. गंज असेल तर पातळ तेलात भिजवलेल्या फडक्याने हळूहळू पुसा, पाठीकडून धारेकडे. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल चांगलं, पावसाळ्याआधी एक थेंब. दांडी सेल्युलॉइडची असेल आणि तिला कापराचा उग्र वास येत असेल, तर पातं तिच्यात मिटून ठेवू नका. ती सडते आणि पोलाद खाते. आणि काही झालं तरी गल्लीत येणाऱ्या चाकाच्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. ठिणग्या उडाल्या की त्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं, आणि उतरलेलं पाणी घरच्या घरी परत चढवता येत नाही.